पाचव्या मजल्यावरचा हलका हात

लिफ्ट बंद पडून सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत माझा नवरा फिक्री पहिल्या मजल्याच्या वर म्हणून गेला नव्हता. वाऱ्याने गच्चीवरची डिश फिरली, तेव्हा त्याने तीन आठवडे चित्राशिवाय बातम्या ऐकल्या, पण जिना चढला नाही. "गुडघे," एवढंच म्हणायचा. असा हा माणूस एका शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मानेला कोलोन चोळून, चक्क शीळ घालत पाचव्या मजल्याकडे निघाला. मी दारात उभी राहून मोजलं. मध्ये कुठेही दम खायला थांबला नाही.

कारण वैद्यकीय होतं. तसं प्रत्येक गोष्टीचं कारण वैद्यकीय असू शकतं, विशेषतः पुरुषांच्या. फिक्रीला साखरेचा आजार आहे. नऊ वर्षं तो त्यावर गोळी घेतोय. ही गोळी साखर आवरता आवरता अंगातलं बी-बारा जीवनसत्त्वही हळूहळू कमी करते, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या तळपायांना मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची. रक्त तपासलं तर बी-बारा अगदी तळाला. डॉक्टरांनी सहा सुया लिहून दिल्या, आठवड्याला दोन, आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "उस्ताज फिक्री, यात चालढकल नको. नसांचं काम आहे. फार उशीर झाला तर गेलेल्या परत येतीलच असं नाही."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत पोटात घेऊन आले. फिक्री मात्र ट्रॅममध्ये पूर्ण वेळ गप्प होता. मला वाटलं, विचार करतोय. पुरुष गप्प बसला की बायका उगाच त्याला विचाराचं श्रेय देतात.

सुई टोचून घ्यायला दवाखान्यात जायचं, ते परक्या गावात. इथे अलेक्झांड्रियात प्रत्येक इमारतीची स्वतःची हलक्या हाताची बाई असते. आमच्या इमारतीत ती पाचव्या मजल्यावर राहते. मादाम इन्शिराह, निवृत्त परिचारिका, विधवा, वय माझ्याएवढंच, पण ते तिच्या केसांना अजून कोणी कळवलेलं नाही. गेली तीस वर्षं अख्ख्या इमारतीचे ताप, उसणी आणि अशक्तपणा तिच्या हाताखालून गेले आहेत. तिच्याबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात, "टोचलेलं कळतसुद्धा नाही."

फिक्री तासाभराने खाली आला. चेहऱ्यावर तजेला.

"दुखलं?" मी विचारलं.

"कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "काय हात आहे, सौसन! जणू कोणी हातच लावला नाही."

"आणि तासभर काय केलं?"

"कॉफी दिली तिने. नाही कसं म्हणणार?"

आता हे बघा, मी मत्सरी बाई नाही. माझ्या बहिणीला विचारा. नाहीतर नकोच, तिला विचारू नका. पण बी-बाराची सुई झोंबते, हे मला ठाऊक होतं. लालभडक असते, एवढ्याशा डाळिंबाच्या रसासारखी, आणि आत जाताना आपण आलोय असं बजावून जाते. त्या रात्री फिक्री बाहीविना बनियन घालून घोरत होता, तेव्हा मी दिवा लावून त्याचा दंड तपासला. डाग नाही, सूज नाही, टिंबसुद्धा नाही. दुसऱ्या सुईनंतर पुन्हा तपासला. तिसऱ्या सुईनंतर दुसराही दंड तपासला. काहीही नाही! एवढा हलका हात असू शकतो एखादीचा? मी एकोणतीस वर्षं या माणसाच्या सदऱ्यांची बटणं शिवली, दर वेळी टोचून घेतलं ते माझ्याच बोटात, आणि माझ्या हाताबद्दल तो आजवर एकदाच बोलला आहे. मुलूखियाच्या पातळ भाजीत लसूण जास्त पडली तेव्हा.

त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हाज्जा बदीआंनी तेल ओतलं. इमारतीतलं एकही भांडण त्यांच्या हातचं तेल लागल्याशिवाय शिजत नाही.

"सौसन बाळा," जिन्यात माझी भाजीची पिशवी धरून त्या म्हणाल्या, "मला कंबरेत सुई हवी होती, तर इन्शिराहने दोनदा परत पाठवलं. एकदा म्हणे हवा दमट आहे, एकदा म्हणे तुमचा रक्तदाब चढलेला दिसतोय. नुसतं तोंडाकडे बघून! दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही नाही म्हणाली. तुझ्या नवऱ्याला मात्र दारात उभी राहून आत घेते हो. मी काही म्हणत नाही."

"मग म्हणू नका, हाज्जा."

"म्हणतच नाहीये ना. फक्त कॉफीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, एवढंच."

पहिला इलाज मी स्वतःवर केला. इन्शिराहच्या तजेल्याचं गुपित सगळ्यांना माहीत होतं, कारण तीच सांगायची. बी-कॉम्प्लेक्सच्या जोरदार गोळ्या, रोज, न चुकता. "जीवनसत्त्व म्हणजे अन्नच की," ती म्हणायची. "जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं." मी तसलीच बाटली आणली. ती या गोळ्यांत माझ्या तीन वर्षं पुढे होती, तेव्हा अंतर भरून काढायला मी एकदम चार गोळ्या घेतल्या, उपाशीपोटी, आणि जिन्यात उतरले.

अर्धा जिना उतरते तोच मानेपासून आग सुरू झाली. गाल पेटले, कान पेटले, छातीवर लाल चट्टे आले, अंगभर खाज. आणि नेमकी त्याच क्षणी समोरून इन्शिराह वर येत होती, मागे हाज्जा बदीआ.

"मादाम सौसन, बरं वाटत नाही का?" इन्शिराहने विचारलं.

बीटरूटसारखी लाल होऊन मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.

"अगंबाई," हाज्जा बदीआ हळूच म्हणाल्या, आणि त्या हळू आवाजाला पाचही मजल्यांचे कान लागले. "पोरगी जळतेय हो अक्षरशः."

मी तशीच कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. तिथली औषधवाली डॉक्टर मारियान माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला तांत म्हणजे मावशी म्हणते आणि माझ्याशी माझ्या आईसारखी वागते. तिने बाटली फिरवून वाचली आणि मला स्टुलावर बसवलं.

"किती घेतल्या, तांत सौसन?"

"एक."

"खरं सांगा."

"चार."

"यात बी-तीन आहे. जास्त झालं की अशी लाली येते. तासाभरात उतरेल. उद्या लघवी पिवळीधमक झाली तर घाबरून मला फोन करू नका, ते बी-दोनचं काम. पण या चार-चार गोळ्या बंद. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जास्तीचं निघून जातं म्हणतात ना?"

"सगळ्यांचं एवढंच पाठ आहे!" मारियानने कपाळाला हात लावला. "बरंचसं जातं, हो. पण बी-सहाचा मोठा डोस महिनोन् महिने घेतला तर तेच नसांना इजा करतं. हातपाय बधिर होतात. आणि गंमत बघा, माणसाला वाटतं आपल्यात जीवनसत्त्व कमी पडलं. मग अजून गोळ्या घेतात. कमी असेल तर घ्यावं, तपासून घ्यावं, हौस म्हणून नाही."

मी मान डोलावली आणि त्यातलं निम्मं विसरले, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा बेत आला होता. सुई टोचायला मीच शिकले तर? मग कुठला पाचवा मजला आणि कुठली कॉफी!

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात बायकांसाठी दर सोमवारी सुई टोचण्याचा वर्ग चालतो. तीन सोमवार. मी अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाईने कागद बघितले, उलटले, पुन्हा बघितले.

"नोकरी करता?"

"शिक्षण खात्यात. दाखल्यांच्या खिडकीवर. सव्वीस वर्षं."

"मग कार्यालयाचं ना-हरकत पत्र. सरकारी गरुडाच्या शिक्क्यासह."

"अहो, मी नवऱ्याला सुई टोचणार आहे, सरकारला नाही!"

"गरुडाशिवाय चालत नाही, मादाम."

हे वाक्य मी स्वतः सव्वीस वर्षं, दिवसातून चाळीस वेळा म्हटलेलं आहे. काचेच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, ते पहिल्यांदा कळलं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थाने खाकरून म्हटलं, "मादाम, तुम्हीच ना त्या? माझ्या मुलाच्या दाखल्यासाठी मला पाच वेळा परत पाठवलं होतं." आणि तो एवढा मनापासून हसला, की मला त्याचा रागही येईना.

आमच्या कार्यालयातला गरुड लोखंडी कपाटात राहतो. कपाटाची किल्ली हिल्मीसाहेबांकडे असते आणि हिल्मीसाहेब रजेवर होते, पाठीत उसण भरली म्हणून. मी त्यांच्या घरी गेले. ते पालथे पडून होते आणि त्यांची मेहुणी त्यांना बी-कॉम्प्लेक्सची सुई देत होती. या शहरात माझ्याखेरीज सगळ्यांना सुई टोचता येत होती. किल्ली उशीखाली होती. हिल्मीसाहेबांनी ती दिली, पण आधी विचारलं, "पत्राचा विषय काय लिहिलाय?" मी म्हटलं, "नवरा." त्यांनी पडल्या पडल्या दुरुस्ती केली, "कौटुंबिक आरोग्य, असं लिहा."

वर्ग सुरू झाला. घरी सराव हवा. हाज्जा बदीआंना कळलंच. "संत्र्यावर कर," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी सगळ्या संत्र्यावरच शिकल्या." मी दोन किलो संत्र्यांना पाण्याच्या सुया दिल्या. मग ती फेकवेनात, म्हणून परडीत ठेवली. दुसऱ्या दिवशी हाज्जाच बसायला आल्या, त्यांनी एक सोललं आणि ते त्यांच्या डोळ्यात, चष्म्यावर आणि हिजाबावर असं फुटलं की त्या "या लतीफ!" म्हणून किंचाळल्या. "संत्र्याची साल वेगळी, माणसाची वेगळी," डोळा पुसत त्यांनी सल्ला बदलला. "कोंबडीवर कर. मांसाला मांसच." मी कोंबडीवर केलं. उजव्या तंगडीत अकरा, डावीत चौदा. ती तेलात सोडली तेव्हा तडतडून तेल इतकं उडालं की मी ओट्यापासून दूर उभी राहून लाटण्याने परतली.

"या कोंबडीला चव का नाही?" फिक्रीने विचारलं.

"पाचव्या मजल्यावर जाऊन विचार," मी म्हटलं.

तिसऱ्या सोमवारी मला प्रमाणपत्र मिळालं, गरुडासकट. पण तोवर त्याच्या सहाही सुया होऊन गेल्या होत्या. मी प्रमाणपत्र दिवाणखान्यात, आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावलं, फोटोपेक्षा थोडं वर.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. अहवाल आणायला मी गेले. त्याच सकाळी फिक्री जिन्यावरून एका पायाने अनवाणी घरात आला होता. एका पायातली चप्पल कुठल्यातरी पायरीवर निसटली होती आणि त्याला कळलंच नव्हतं. मी चप्पल उचलून आणली आणि त्याच्या पायापाशी ठेवली.

मारियानने अहवाल वाचला. तिचा चेहरा उतरला.

"तांत, सहा सुया झाल्या म्हणालात?"

"सहा. मोजून."

"मग हे शक्य नाही. आकडा आधीपेक्षा खाली आलाय. सुया दिल्या असत्या तर तो कुठच्या कुठे गेला असता. औषध इथूनच नेलंत, माल चांगला आहे. कोण टोचतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी बी-तीनशिवाय. ती बाई माझ्या नवऱ्याला पाणी टोचते! औषध स्वतः घेते, केस स्वतःचे वाढवते, आणि माझ्या नवऱ्याच्या नसांच्या जिवावर कॉफीचे कप रिचवते! मी पाच मजले कसे चढले ते आठवत नाही. हाज्जा बदीआंच्या दाराची साखळी मात्र मी जाताना खणखणवली, हे नक्की.

दार फिक्रीनेच उघडलं. त्याच्या हातात कॉफीची किटली होती.

"सहा सुया संपल्यात ना?" मी म्हटलं. "मग ही सातवी कसली? आणि कॉफी ओततोस तू? घरी पाण्याचा पेला उचलत नाहीस तो!"

"सौसन, आत ये. ओरडू नकोस."

"ओरडणार! कुठे आहे ती हलक्या हाताची?"

इन्शिराह सोफ्यावर बसली होती. तिने उठायचा प्रयत्न केला नाही. समोरच्या टेबलावर औषधाची पेटी होती. मी झाकण उघडलं. सहाही लाल कुप्या, जशाच्या तशा. एकीचीही मान मोडलेली नव्हती.

मी कुप्यांकडे बघितलं, मग फिक्रीकडे.

"मला सुईची भीती वाटते," फिक्री किटलीकडे बघत म्हणाला. "लहानपणापासून. दिसली तरी डोळ्यापुढे अंधारी येते."

एकोणतीस वर्षं. दोन मुलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हा माणूस वऱ्हांड्यात उभा राहून दाया-नर्सना सूचना देत होता.

"मग डॉक्टरांकडे का नाही बोललास? माझ्याकडे का नाही?"

"तुझ्याकडे कसं बोलणार?" तो म्हणाला. "तुझ्याकडे मी... म्हणजे, घरात कोणीतरी न घाबरणारं नको का?"

"आणि हिच्याकडे बोललास!"

खरं सांगते, कॉफीचं मला एवढं लागलं नव्हतं. शर्टाचं, कोलोनचं, शिळेचंही नाही. पण 'मला भीती वाटते' हे वाक्य त्याने तिच्याकडे आधी ठेवलं होतं, माझ्याकडे नाही. मी तिथल्याच खुर्चीत बसले.

"त्यांचा दोष नाही," इन्शिराह म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. "पहिल्या दिवशी मी कुपी फोडायला घेतली, तर हातात आहे की नाही तेच कळेना. तशीच परत ठेवली. सहा महिने झाले, बटण लावता येत नाही मला. भांडी हातातून पडतात. सगळ्यांना काहीबाही सांगून परत पाठवते. मादाम सौसन, माझ्याकडे दुसरं काय आहे? या इमारतीत मी म्हणजे माझा हात. तुमच्या नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाही. मी परिचारिका आहे, मला कळायला हवं होतं. रोज त्यांना म्हणायचे, आज तरी दुसरीकडे जा. ते म्हणायचे, उद्या. आणि खरं सांगू? कोणी वर येतंय, याचं बरं वाटायचं."

मी तिच्या हातांकडे बघत होते. आणि मग तिच्या मागे, कपाटावर, ओळीने उभ्या बाटल्या दिसल्या.

"या गोळ्या किती घेता?" मी विचारलं.

"आधी दोन घ्यायचे. बधिरपणा आला म्हणून चार केल्या. आता सहा."

मारियानचं विसरलेलं निम्मं झटकन आठवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणापेक्षा काहीतरी जास्त माहीत होतं, आणि तेही इन्शिराहपेक्षा, आणि मला त्याचा आनंद होईना, हा केवढा अन्याय.

"उद्या माझ्याबरोबर मारियानकडे चला," मी म्हटलं. "मग नसांच्या डॉक्टरांकडे. आणि ही गोळी आजपासून बंद. हातात जीवनसत्त्व कमी पडलं नाहीये, बाई. उतू चाललंय."

ती रडली. मी तिला रुमाल दिला, तिच्या हातातून पडला, मग मीच तिचे डोळे पुसले. तिचे केस जवळून बघितले. खरोखरच चांगले आहेत.

पहिली सुई त्याच सोफ्यावर झाली. इन्शिराह शेजारी बसून सांगत होती, "हात धुतले? स्पिरिट वाळू द्या. हवा काढा. खांद्याखाली, तीन बोटं सोडून. सरळ. विचार करू नका." मी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुई आत घातली. फिक्रीने अशी आरोळी ठोकली की समुद्रावरचे पक्षी उडाले असतील.

जिन्यात अख्खी इमारत उभी होती. सर्वांत पुढे हाज्जा बदीआ, एका पायात चप्पल.

"काय झालं? मारलंस की काय त्याला?"

इन्शिराहचं दार माझ्या मागे उघडं होतं. सांगून टाकायचं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. माझी इभ्रत तरी नक्की वाचली असती.

"मला आवडत नाही, हाज्जा," मी मोठ्याने म्हटलं, पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत ऐकू जाईल असं. "माझ्या नवऱ्याला दुसऱ्या बाईने हात लावलेला. मादाम इन्शिराहना मी सुया बंद करायला सांगितल्यात. सगळ्यांच्याच. यापुढे ज्याला टोचून घ्यायचंय त्याने माझ्याकडे यावं."

"अगं बाई बाई बाई," हाज्जा बदीआ कृतार्थ होऊन म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? जळकी आहे म्हणून!"

त्या दिवसापासून मी इमारतीत जड हाताची मत्सरी बाई आहे. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून मला बघून नवऱ्याला आत ढकलते. इन्शिराहच्या बोटांना सात आठवड्यांनी थोडं कळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण वेळेत थांबलात. ती संध्याकाळी आमच्याकडे येते आणि मी सुई कशी धरते यावर नाक मुरडते.

फिक्रीला आता महिन्यातून एक सुई आहे. महिन्याच्या सुयांतली कालची सहावी. तो पलंगाच्या कडेला बसला, बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटून माझ्या झग्याची किनार मुठीत धरली.

"सौसन," तो म्हणाला, अगदी हळू, "मला भीती वाटते."

सुई भरून तयार होती. स्पिरिट केव्हाच वाळलं होतं. मी उगाच कापसाची पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"काय म्हणालास?" मी विचारलं. "पुन्हा म्हण."